प्रदर्शनांचे चेहरे काढणारा मधूभाऊ

मधूभाऊ तेंडोलकर महिन्या-दोन महिन्यांनी मला रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभा करायचा. मग स्वतः परत आमच्या चाळीच्या गॅलरीत जायचा, भला मोठा कागद छातीशी धरायचा आणि तिथून बोंबलायचा, "बंड्या, काय दिसतंय?"

मी डोळे बारीक करून बघायचो. "इडली!"

टर्रकन कागद फाडून तो आत जायचा. थोड्या वेळाने दुसरा कागद घेऊन बाहेर.

"आता?"

"आता मेदूवडा."

परत टर्रकन. भांडुपच्या त्या रस्त्यावर रिक्षावालेसुद्धा थांबून बघायचे. एकाने तर मला विचारलं होतं, की बाबा, हॉटेल कधी उघडताय?

तुम्हाला वाटेल, मला काहीतरी कळतं म्हणून तो मला विचारायचा. उलटं आहे. मला काही कळत नाही म्हणूनच विचारायचा. मी तिसरीत दोनदा बसलो. आणखी एकदा बसलो असतो, पण मास्तरांनीच आईला हात जोडले. माझा धंदा मंडपाचा. बांबू, सुतळी, कनाती, शिड्या. अक्षराशी आपलं कधी जमलं नाही. मधूभाऊ म्हणायचा, "शिकलेला माणूस आधी वाचतो, मग बघतो. तू नुसता बघतोस. तुझे डोळे कोरे आहेत रे!" हे कौतुक समजून मी छाती फुगवून बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "डोळेच कशाला, सगळंच कोरं आहे."

आता मधूभाऊचा धंदा सांगतो. सांगतो म्हणजे मला जेवढा कळला तेवढा. गावात चित्रांची, मडक्यांची, खुर्च्यांची, कसली कसली प्रदर्शनं भरतात ना? त्याचं निमंत्रणाचं कार्ड, दारावरचा बॅनर, भिंतीवरचं पोस्टर, आतले बाण, पुस्तिकेचं कव्हर, हे सगळं एकाच तोंडावळ्याचं लागतं. तो तोंडावळा हा ठरवायचा. "एका आईची पोरं दिसली पाहिजेत," हे त्याचं पेटंट वाक्य. कार्ड खिशात असलं आणि लांबून बॅनर दिसला, की माणसाला वाटलं पाहिजे, अरे, हा त्याचा थोरला भाऊ!

हे त्याच्या इतकं डोक्यात बसलं होतं की साधा चहा प्यायचीही पंचाईत. कप एका सेटमधला, बशी दुसऱ्या सेटमधली असली की हा बशीकडे बघत बसायचा. "ही पाहुणी आहे," म्हणायचा आणि बाजूला सारायचा. घाटकोपरला एका लग्नात माझा मंडप होता. कनाती हिरव्या, झालर गुलाबी, माझ्याकडे होतं ते लावलं. मधूभाऊ दारापर्यंत आला, खिशातून पत्रिका काढून बघितली, मंडप बघितला आणि परत फिरला. मी मागे धावलो. "अरे, कुठे चाललास?"

"हे लग्न दुसऱ्याचं आहे."

"अरे, नवरा बघ ना, आपला पक्या आहे!"

"पक्या असेल. पण पत्रिका निळी आहे."

शेवटी मी त्याला हाताला धरून पंगतीत बसवला. जिलेबी खाल्ली त्याने, पण संशयानेच.

एकदा आमच्या गणपती मंडळाने त्याला बॅनर काढायला सांगितला. त्याने पांढऱ्या कापडावर नुसता एक कान काढला. मोठाच्या मोठा कान, बाकी काही नाही. मंडळाचे अध्यक्ष गॅसवर.

"तेंडोलकर, बाप्पा कुठाय?"

"कान दिसला की बाप्पा कळतो."

"आणि आमची नावं?"

"तुमचे कान काढू का?"

तो बॅनर त्या वर्षी लागला नाही. पण मला विचाराल, तर झकास होता. मला तो समोसा दिसला होता, ही गोष्ट वेगळी.

खुर्च्यांच्या प्रदर्शनात मात्र माझ्यामुळे त्याची इज्जत जायची वेळ आली होती. मी सकाळपासून शिडीवर चढून बाण लावत होतो. दुपारी एका खुर्चीवर जरा टेकलो आणि लागला डोळा. जाग आली तर समोर पाच-सहा सुटाबुटातली माणसं मान वाकडी करून माझ्याकडे बघतायत. एक बाई म्हणाल्या, "किती खरं वाटतं नाही?" तेवढ्यात मी शिंकलो. बाई किंचाळल्या. मधूभाऊ एवढंच म्हणाला, "तुझा शर्ट तरी आपल्या रंगाचा घालायचास यार."

तर असा हा माणूस. दुसऱ्यांच्या प्रदर्शनाचा चेहरा आठवड्यात काढून मोकळा. पण एका प्रदर्शनाने त्याची वाट लावली.

मधूभाऊ आधी गिरणीत होता. कापडावरची नक्षी काढायचं खातं असतं, तिथे. त्याच्या शेजारच्या टेबलावर कुमुदताई पाटणकर बसायच्या. त्या साड्यांचे काठ काढायच्या. हा छापण्यासाठी त्या काठांचा एकेक रंग वेगळा काढून द्यायचा. संप झाला, गिरणी बसली ती बसलीच. खातं बंद झालं, तेव्हा कुमुदताईंनी आयुष्यभर काढलेले काठ रद्दीत निघाले होते. मधूभाऊने ते टेम्पोत घालून घरी आणले. एकच खोली. कागदाच्या लांबच लांब गुंडाळ्या पलंगावर झोपायच्या आणि हा खाली सतरंजीवर. मी म्हणायचो, "भाऊ, तुझं लग्न झालंय रे, फक्त बायको कागदाची आहे." तो हसायचा नाही. मला वाटायचं, जोक पडला.

कुमुदताई भावाच्या कुटुंबाबरोबर चारकोपला राहायला गेल्या होत्या. घरच्यांचं करता करता त्यांचं लग्न राहून गेलेलं. आता लोकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायच्या. जिने काठ काढले, ती काठाच्या मागून टाके घालत होती. मधूभाऊच्या डोक्यात आलं, या बाईच्या काठांचं प्रदर्शन भरवायचं. इथेच, भांडुपात, शाळेच्या हॉलमध्ये.

विचारायला आम्ही दोघं चारकोपला गेलो. मला कशाला नेलं, तर म्हणे, "तू असलास की मला बोलायला सुचतं." तिथे गेल्यावर सगळं मीच बोललो.

कुमुदताईंनी सुईतून दोरा ओवता ओवता ऐकून घेतलं. "तेंडोलकर, काठ बघायला कोण येणार हो? काठ कोणी बघतं का? लोक साडी बघतात."

"येतील," मधूभाऊ म्हणाला. एकच शब्द, तोही खालच्या सतरंजीकडे बघत.

"मला रिकामा हॉल बघवणार नाही. आमची गिरणी रिकामी झालेली बघितलीय मी, ती पुरे." मग दोरा तोडून म्हणाल्या, "मी येईन. पण हॉलमध्ये माणूस दिसलं नाही, तर दारातूनच परत जाईन. आणि त्या गुंडाळ्या तुम्ही त्याच दिवशी रद्दीत घालायच्या. परत माझ्याकडे हा विषय काढायचा नाही."

मधूभाऊने मान डोलावली. बसमध्ये मला म्हणाला, "विषय म्हणजे काय रे? प्रदर्शनाचा, की सगळाच?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस? मी तिसरी नापास."

त्या दिवसापासून तो कामाला लागला. पण चेहरा सापडेना. रोज मी रस्त्यापलीकडे. कागदावर मोर. "करंजी!" कागदावर कमळ. "कापलेला कांदा!" चक्र, वेल, कोयरी. चकली, शेवया, काजू. तो इतका वैतागला की म्हणाला, "तू घरून जेवून येत जा ना!" मी म्हटलं, "जेवूनच आलोय. म्हणून नुसतं फरसाण दिसतंय."

एके दिवशी सगळे कागद संपले. मधूभाऊने पलंगावरची एक गुंडाळी काढली. वर गुंडाळीचाच कोरा पांढरा भाग, आणि खाली कुमुदताईंचा काठ जसाच्या तसा, असं गॅलरीच्या कठड्यावरून खाली सोडलं. तांबडा काठ, त्यात भाताची बारीक लोंबी, आणि वर दोन रेघा.

"काय दिसतंय?"

मी डोळे चोळून परत बघितलं.

"अरे बंड्या, मेलास काय? काय दिसतंय?"

"आई," मी म्हटलं.

"कोणाची?"

"माझी. चुलीसमोर बसलीय. पाठमोरी."

मधूभाऊने तो कागद फाडला नाही. हळूहळू गुंडाळला आणि आत गेला.  नंतर म्हणाला, "मी गाढव आहे रे. तिने काढून ठेवलंय, आणि मी वर माझी कलाकारी करतोय."

मग भराभर कामं झाली. कार्डाला खाली काठ, पोस्टरला खाली काठ, बाणांना काठ. एका आईची पोरं. बॅनर तर साडीएवढा लांब. ओळखीच्या रंगाऱ्याकडून त्यावर काठ पक्क्या रंगात छापून आणला. वरची अक्षरं मधूभाऊने स्वतः कच्च्या रंगात काढली, म्हणजे कापड धुऊन पुढच्या कामाला वापरता येईल. शनिवारी सकाळी बॅनर माझ्या खांद्यावर देऊन म्हणाला, "शाळेच्या दारावर बांध. उद्या ती येणार आहे. बंड्या, नीट ने."

मी नीटच नेत होतो. मासळी बाजारापाशी पाय घसरला. पडलो ते पडलो, बॅनरवर पडलो, आणि बॅनर चिखलात. कोळणी हसल्या. त्यांच्यातलीच एक म्हणाली, "आरं, धुवून टाक की!" मला पटलं. मी चाळीच्या नळावर नेला, साबण लावला, धोपटणं घेऊन चांगला बडवला. चिखल गेला. अक्षरंपण गेली. मी कधी वाचत नाही, त्यामुळे मला आधी कळलंच नाही. मी खुशीत बॅनर गॅलरीत दोरीवर वाळत घातला.

मधूभाऊ आला आणि दोरीखाली मटकन बसला. "तारीख गेली. जागा गेली. नाव गेलं. बंड्या, आता कोण येणार रे? ती दारातून परत जाईल."

मी कान पकडले.  एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या सुनंदावहिनी वर आल्या. "कोणाची हो ही साडी? माझ्याकडे हीच होती! नगरहून मुंबईत आले, तेव्हा हीच नेसून आले होते."

शेजारच्या मालवणकर काकी आल्या. "माज्याकडे पण होती मा! थोरल्याच्या बारशाक घेतलेली."

"ही साडी नाहीये, बॅनर आहे," मी म्हटलं.

"काठ तर साडीचाच आहे ना?"

बघता बघता गॅलरी भरली. कोणाच्या सासूची, कोणाच्या बहिणीची, कोणाची संक्रांतीची. एकीने विचारलं, "पण हा काठ काढला कोणी?" हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं असणार. मधूभाऊ जमिनीवरूनच म्हणाला, "पाटणकर बाईंनी. उद्या शाळेत येणार आहेत."

अक्षरं परत काढायला वेळ होता. मी म्हटलंही, भाऊ, काढ. तो म्हणाला, "नको. आहे तस्सा लाव."

रविवारी मधूभाऊ दारात उभा. तोंड पांढरंफटक. कुमुदताई बसमधून उतरल्या, कोपऱ्यावर आल्या, वर बघितलं. दारावर अक्षर नाही, नुसता त्यांचा काठ. थबकल्या. मला वाटलं, गेल्या परत. मग आतला आवाज त्यांच्या कानावर गेला असणार, कारण आत नुसता कालवा चालला होता, आणि त्या सरळ आत शिरल्या.

बायका आल्या होत्या. नुसत्या आल्या नव्हत्या, साड्या घेऊन आल्या होत्या. कोणी नेसून, कोणी पिशवीत. एकीची गोधडी झाली होती, एकीची बाळाची झोळी. सुनंदावहिनींनी तर लादी पुसायचं फडकं आणलं होतं. "लाज वाटते ताई, पण काठ बघा. सगळं विरलं, काठ शाबूत आहे."

कुमुदताईंनी ते फडकं दोन्ही हातांत घेतलं. काठावरून बोट फिरवत राहिल्या. "ह्यात लोंबीचा रंग जरा गडद झालाय," म्हणाल्या. "तेंडोलकर, तुम्हीच केला होता ना तसा?"

"हो. मला तसा बरा वाटला होता."

"मलाही वाटला होता. तेव्हा बोलले नाही."

दुपारी गर्दी जरा पांगली. मी दोघांसाठी चहा घेऊन आलो. हॉलच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या मांडून बसले होते, मध्ये स्टूल. मी मागे उभा राहिलो. कोणी जा म्हटलं नाही, म्हणून गेलो नाही.

कुमुदताई म्हणाल्या, "एवढ्या गुंडाळ्या घरात ठेवल्यात. मला कधी काही विचारलं का नाहीत?"

"विचारायचं होतं. पण तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"प्रदर्शनाला?"

मधूभाऊ कानापर्यंत लाल झाला. मग एकदम उठला. "बॅनर वाकडा झालाय वाटतं. बघून येतो," म्हणाला आणि निघालाच.

बॅनर सरळ होता. माझ्या जन्मात पहिल्यांदा काहीतरी सरळ बांधलं गेलं होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर कुमुदताईंनी मला हातानेच गप्प केलं.

त्या दाराकडे बघत राहिल्या. मग मधूभाऊच्या कपावर बशी झाकली, म्हणजे तो येईपर्यंत चहा गरम राहील, आणि स्वतःचाही न पिता थांबल्या.