हुग्गीचा प्रोग्रॅम

नवशिक्यांसाठी कॉम्प्युटरचं पुस्तक लिहावं तर आम्हीच! १९८६ साली मी हे अख्ख्या निपाणीला ऐकवत होतो. पुण्यात तीन महिने बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकून आलो होतो, मग काय विचारता! आमच्या गावच्या शिक्षण संस्थेनं दोन कॉम्प्युटर आणले होते, पण शिकवायला कुणी नव्हतं म्हणून ते खोक्यातच होते.

संस्थेचे अध्यक्ष भुजबली अण्णा बोरगावचे. त्यांनी माझं पुस्तक चाळलं आणि बाजूला ठेवलं. उदाहरणं सगळी पुण्याची, आमच्या पोरांना काय कळणार, असं त्यांचं म्हणणं.

"परशराम, आमच्या आक्काला कळंल असं करून आण," ते म्हणाले. "तिला कळलं तर सोमवारपासनं तू मास्तर. न्हाईतर कॉम्प्युटर खोक्यात आणि तू घरात."

राजमती आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. शिक्षण चौथी, पण प्रश्न वकिलाचे.

मी पहिला धडा नव्यानं लिहायला बसलो. एकच काम परत परत कसं करवून घ्यायचं, हे समजावायला पाहुण्याला हुग्गी वाढायचं उदाहरण घेतलं. हुग्गी, म्हणजे आमची खपली गव्हाची गुळातली खीर. आधी लिहिलं, पाहुणा 'बास' म्हणाला की थांब. पण आमच्याकडं पाहुणा पहिल्या डावालाच 'बास' म्हणतो आणि वाढणारी ते कानावर घेत नाही. म्हणून ती ओळ खोडली. अण्णांच्या जैन घरात सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही. तेव्हा सूर्यालाच कामाला लावलं:

१० एक डाव हुग्गी वाढ.
२० सूर्य मावळला असेल तर ४० वर जा.
३० परत १० वर जा.
४० थांब.

माझ्याच हुशारीवर खूष होऊन मी स्टँडवर दोन प्लेट मिसळ खाल्ली आणि बोरगावची गाडी धरली.

आक्कांनी कागद वाचला. दहा, वीस असे आकडे का, मधल्या जागा रिकाम्या का, हे विचारलं. काही विसरलं तर मधे लिहायला, मी सांगितलं. मी काही विसरत नाही, पण पद्धत आहे, असंही सांगितलं.

"मग चालवून बघू," अण्णा म्हणाले. "आक्का कॉम्प्युटर, तू पाहुणा."

मी पाटावर बसलो. आक्कांनी एक डाव हुग्गी वाढली, वर तूप सोडलं, अंगणात जाऊन सूर्य बघितला, परत आल्या आणि दुसरा डाव वाढला. परत अंगण, परत डाव. ताट रिकामं झालं का, हे बघायचं मी कुठं लिहिलं होतं? ताटातला ढीग वाढत चालला. त्या घरात पानात काही टाकायची सोय नाही. शेवटी ताट धुऊन ते पाणीसुद्धा पितात. आणि सूर्य बुडाला की घास उचलायचा नाही. म्हणजे बुडायच्या आत सगळं संपवायचं होतं!

सातव्या डावाला मी हात आडवा धरला. "आक्का, बास."

आक्कांनी चष्मा सारखा करून कागद बघितला. "ह्यात तसं न्हाई लिवलं."

मी अण्णांकडं बघितलं. ते माझंच पुस्तक उघडून बसले होते. तिसऱ्या पानावर मीच लिहिलं होतं की कॉम्प्युटर माणसाचं ऐकत नाही, फक्त लिहिलेलं ऐकतो. ते त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

आता दोन्ही हातांनी जेवायचंच बाकी होतं. घाम कपाळावरून ताटात पडायला लागला. मला नोकरीचीही पर्वा राहिली नव्हती. मला फक्त तो सूर्य मावळायला हवा होता. अकरा डाव झाले. बारावा वाढायच्या आधी आक्का दारातूनच म्हणाल्या, "मावळला. चाळीस." आणि डाव खाली ठेवला. माझा शेवटचा घास नुकताच आत गेला होता.

"मधी जागा ठेवलीयास न्हवं?" आक्का म्हणाल्या. "मग लिव की. पहिलं बास लाजंचं, दुसरं रीतीचं. तिसरं खरं असतंय."

अण्णांनी पुस्तक पास केलं. पाया पडायला मी वाकायला गेलो, पण वाकता येईना.

पुस्तकात ती ओळ आजही आहे: '२५ पाहुणा तिसऱ्यांदा बास म्हणाला असेल तर ४० वर जा.' दहा-वीसच्या रांगेत हे पंचवीस कुठून आलं, असं मुलं विचारतात. अनुभवातून, असं मी गंभीरपणे सांगतो. तो अनुभव उतरायला दोन दिवस नुसत्या ताकावर राहावं लागलं, हे काही पुस्तकात घातलेलं नाही.