सिंक बंद करू नये

"लाइट जाऊ द्या न्हाईतर वीज पडू द्या, माझ्या सर्व्हरमधून टँकरचा एक नंबर हरवणार न्हाई!" पंचशीलाने अख्ख्या पाणी कार्यालयाला ठणकावून सांगितलं.

त्या साली दुष्काळ असा, की लोक नळाकडे परगावी गेलेल्या सोयऱ्याची वाट बघावी तसे बघायचे. टँकरचे नंबर कॉम्प्युटरवर लागत. नंबर गहाळ झाला की घागरी घेऊन मोर्चा दारात! म्हणून पंचशीलाने डेटाबेसचं 'सिंक' चालू ठेवलं होतं. नोंद डिस्कवर पक्की उतरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं सरकायचाच नाही. दोन सेकंद जास्त जायचे, एवढंच.

महादेवप्पा साहेबांना तेही जड. तालुक्याचा जिल्हा होणार अशी हवा होती आणि साहेबांना आत्तापासूनच जिल्ह्याची घाई.

"मॅडम, ते सिंक बंद करा. लई स्लो चालून राहिलंय."

"न्हाई साहेब. मधेच लाइट गेली तर शंभर घरं तहानलेली राहतील!"

दोन दिवस नांदेडला ट्रेनिंगला जाताना तिने सर्व्हरवर चिठ्ठी डकवली : 'सिंक चालू ठेवणे. कोणीही बंद करू नये!' खाली सही.

सर्व्हर होता जुन्या चहाच्या खोलीत. कपबशा धुवायचं सिंक शेजारीच. शिपाई ग्यानोबाने तीस वर्षांत लेखी हुकूम मोडला नव्हता. त्याने चिठ्ठी वाचली, नळ सोडला आणि बाहेरून कडी घातली.

चहाच्या चोथ्याने सिंक तुंबलं. पाणी फरशीवर, फरशीवरून यूपीएसमध्ये. फाट्! सर्व्हर बंद!

पंचशीला ट्रेनिंग सोडून धावत आली. "ग्यानोबामामा, नळ कशाला सोडला?"

"तुमचीच सही हाय न्हवं, ताई! कपबशा धुणारी चांगुणाबाई बंद कराया आली, तर म्या तिला हाकललं!"

सगळं पुसून, दुसरा यूपीएस लावून तिने श्वास रोखून सर्व्हर चालू केला. नोंदी जागच्या जागी! शेवटची, चारशे बारावी सरजाबाईसुद्धा. फाट् व्हायच्या क्षणभर आधी लागलेली, तिच्या नावाचा काना-मात्राही ढळला नव्हता.

"मानलं मॅडम!" साहेब म्हणाले. पंचशीलाची मान अशी ताठ, की पंख्याला लागते की काय!

तेवढ्यात साहेब हात धुवायला गेले. नळ कोरडा. गच्चीवरची टाकी ठणठणीत रिकामी!

"ऑफिसच्या नावानं टँकर लावा."

तिने नोंद केली. दोन सेकंद गेले. क्रमांक ४१३.

"जरा वर घ्या की!"

"तशी सोयच ठेवली न्हाई, साहेब," पंचशीला अभिमानाने म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सगळे घरून पाण्याची एकेक बाटली आणू लागले. पंचशीला दोन आणायची. एक स्वतःची, एक त्या चिठ्ठीचा दंड म्हणून.