पिकअप कुणाच्या दारात थांबते

पिकअपच्या इंजिनाची दोन्ही हेडं, म्हणजे वरची जड झाकणं, काढून मिस्त्रीने फरशीवर उताणी ठेवली आणि त्याचं तोंड कडू झालं. दोन्हींना तडे गेले होते, इंजिनातल्या तेलात पाणी शिरून पांढुरका चिखल झाला होता. वरच्या खिडकीत सासरे खोकत बसले होते. छातीच्या दुखण्यामुळे ते लेकीकडे राहायला आले होते आणि जावयाच्या कामाला नावं ठेवली की तेवढाच त्यांना उतार पडे.

बायकोने बजावलं होतं, सोमवारी बाबांना मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, तोवर गाडी चालती झाली पाहिजे. पण असली जुनी हेडं मिळणार कुठे? मिस्त्रीने भंगारवाल्याला गाठलं. त्याच्याकडे त्याच जातीचं इंजिन निघालं. कुठल्या गाडीचं, असं विचारल्यावर तो आभाळाकडे बघत म्हणाला, "सावकाश चालवलेली गाडी होती. आतल्या एकाही माणसानं कधी तक्रार केली नाही."

मिस्त्रीने त्या इंजिनाची हेडं काढून आणली, गॅस्केट घालून पिकअपला बसवली, बोल्ट आवळले. भर उन्हात हेडं हाताला गार लागत होती. शहाण्याला एवढा इशारा पुरे, पण मिस्त्रीला घाई होती.

इंजिन एका चावीत सुरू झालं. आवाज मात्र नाही, नुसता खोल श्वास. पेडल कितीही दाबा, गाडी पायी चालणाऱ्याच्या पुढे जाईना. चौकात एकाने तिला पाहून टोपी काढली. मिस्त्री मागे वळून बघतो तो पाचपंचवीस माणसं खाली मान घालून मागून येत होती. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. शिंप्याच्या दारात गाडी आपोआप थांबली. शिंप्याची आत्या अंथरुणाला खिळलेली. मिस्त्रीने सगळं तपासलं, बिघाड म्हणून सापडेना. आत्या गेली, आणि गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ती पाववाल्याच्या दारात थांबली, आणि पाववाल्याचे वडील गेले.

मिस्त्री भंगारवाल्याकडे धावला आणि त्याला शपथ घातली. तेव्हा कुठे त्याच्या तोंडून निघालं, इंजिन शववाहिनीचं होतं.

मग काय, पिकअपची चाहूल लागली की गल्लीतले आजारी दारात येऊन जागच्या जागी उड्या मारू लागले. महिनाभर कण्हणारे एक काका शीळ घालत अंगण झाडू लागले. डॉक्टरांचा दवाखाना ओस पडला. मिस्त्रीने धसका घेऊन गाडी दूर मैदानात नेऊन लावली आणि सोमवारसाठी दुसरी गाडी ठरवली.

रविवारी सकाळी त्याने दार उघडलं, तर पिकअप दारात. चावी त्याच्या खिशात, इंजिन चालू.

बायको ओरडली नाही, त्यामुळे तो जास्तच घाबरला. "अहो, तिला इथून न्या," एवढंच ती म्हणाली. त्याने खांदा लावला, बायकोने लावला, शेजाऱ्यांनी लावला. गाडी तसूभर हलली नाही.

सासऱ्यांनी खिडकीतून ते पाहिलं. त्यांनी शांतपणे दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि जावयाला वर बोलावलं.

"जावईबापू, जाता जाता सांगतो. तुम्ही मिस्त्री चांगले आहात. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. बोललो नाही, कारण तुम्ही शेफारला असता."

हे ऐकायला मिस्त्रीचे कान इतकी वर्षं आसुसले होते, आणि आता ते कानांना सोसवेना. "बाबा, शब्द मागे घ्या," तो रडवेला होऊन म्हणाला. "हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण राहा."

इतक्यात खाली धाडकन आवाज झाला. इंजिनाचा दांडा लोखंड फोडून बाहेर आला, काळं तेल रस्त्यावर पसरलं आणि तो खोल श्वास थांबला. सगळ्यांनी आधी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी स्वतःची नाडी पाहिली. मग ते काठी न घेता जिना उतरले, बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिले.

"गेली," ते म्हणाले. "स्वतःसाठीच आली होती बिचारी."

आता मात्र ती निमूट हलली. चौघांनी ढकलत तिला भंगाराकडे नेलं. अख्खी गल्ली मुकाट्याने मागून निघाली, सासरे सर्वांत पुढे. खोकला कुठल्या कुठे पळाला होता. वळणावर ते मागे न बघताच म्हणाले, "जावईबापू, ते मघाशी बोललो ना, ते तापात असेल. असली हेडं बसवणारा मिस्त्री कसला?"

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.