कै. गोजाबाई ऑनलाइन

वर्षालीला बघून राजगुरुनगरहून परतताना नवनाथने एसटीतच मेसेज टाकला, 'निघालो. तुम्हाला भेटून बरं वाटलं.' नंबर तिनेच दिला होता, पोह्यांच्या बशीखाली चिठ्ठी सरकवून. एकतीस वर्षांच्या नवनाथची ही सतरावी बशी. अठरावी नको, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं होतं. पण रविवारी तिला बघायला सांगवीचा इंजिनीअर येणार होता. जे काय बोलायचं ते त्याआधीच.

उत्तर लगेच आलं. 'बरं. जेवून घे.'

नंबराच्या फोटोत नऊवारीतली एक म्हातारी होती. फोटोच्या चौकटीला हार होता.

दुसऱ्या दिवशी चाकणला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, त्याने लाइनवरच्या दिग्विजयला फोन दाखवला. दिग्विजयने नंबर आपल्या फोनमधल्या नाव सांगणाऱ्या ॲपवर टाकला आणि हातातला घास ताटात ठेवला.

"भावा, इथं 'कै. गोजाबाई' येतंय."

"कै. म्हणजे?"

"वारलेल्या."

"मग उत्तर कोण देतंय?"

"ते मला नको विचारू राव. मला जेवू दे."

तेवढ्यात फोन थरथरला. 'आमटीतला टोमॅटो काढून ठेवू नकोस.'

नवनाथच्या ताटाच्या कडेला तीन फोडी ओळीने मांडलेल्या होत्या. दिग्विजय आपलं ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला.

नवनाथने कपडे बदलायची खोली गाठली आणि आतून कडी घातली. आत लोखंडी कपाटं आणि तो. फोन पुन्हा थरथरला.

'बनियन उलटं घातलंयस. सुलट कर.'

त्याने शर्टाची दोन बटणं सोडून पाहिलं. शिवण बाहेर होती.

दुसरा कुणी पळाला असता. नवनाथने बनियन सुलट केलं आणि लिहिलं, 'आजी, जिथं असाल तिथून ऐका. सांगवीवाल्याएवढा पगार मला नाही. पण वर्षाली बोलत असली की मध्ये बोलावंसं वाटत नाही, ऐकत बसावंसं वाटतं. तेवढं तिला सांगा.'

पाच मिनिटांनी दारावर थाप पडली. बाहेर कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या बाई, डोक्याला जाळीची टोपी, हातात जुना फोन.

"पाहुणं, मी कस्तुरा, वर्षालीची आत्या. काल शिफ्टला होते म्हणून भेटले न्हाई, पर फोटोवरनं वळखलं तुमास्नी. भिऊ नका. आईचा नंबर बंद न्हाई केला आमी. गॅस, आधार, बँक, समदं त्याच्यावरच हाय. आन् बघायला आलेल्याला पयला नंबर आईचाच द्यायचा, ही तिचीच रीत. पोरगं आधी ती पारखायची. आता मी."

"म्हणजे मेसेज तुमचे? बनियनचा पण?"

"अगं बया! मी कशाला तुमचं बनियन बघू? मी टोमॅटोचं लिवलं. आन् सांगून ठेवते, तुमी नापास. ताटात टाकणारा माणूस आमच्यात चालायचा न्हाई. कळवते पोरीला."

तिने फोन उघडला आणि तिचा अंगठा हवेतच राहिला. आजीच्या नंबरावरून वर्षालीला मेसेज आधीच गेलेला होता. 'कस्तुराचं ऐकू नकोस. याला हो म्हण.' त्याखाली वर्षालीचं उत्तर, 'बरं, आजी.'

आत्या आत येऊन बाकावर बसली. फोन कपाळाला लावून पुटपुटली, "व्हय गं आई, चुकलं. टोमॅटोच तर हायेत."

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये नवनाथला वर्षालीचा तिच्या स्वतःच्या नंबरवरून पहिला मेसेज आला. 'आजीचं व्हॉट्सॲप माझ्या पिंपरीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही उघडतं. तुम्ही आजीला लिहिलेलं वाचलं. मग आजीच्या नावाने मीच मला हो म्हणायला सांगितलं. आत्याला कळू देऊ नका.'

नवनाथ एकटाच हसला. मग त्याने विचारलं, 'आणि बनियनचं तुम्हाला कसं कळलं?'

बस मोशी ओलांडून गेली तेव्हा उत्तर आलं.

'मी वाचलं ते. मला वाटलं, आत्याने पाठवलंय.'

लग्न दोन महिन्यांवर आलंय. नवनाथ आता बनियन दोनदा बघून घालतो आणि टोमॅटो मुकाट खातो.