भरल्यार किती?

आमच्या शेजारचे गुणाजीकाका कुणाचंही बाळ हातात घेतात ते लाड करायला नव्हे. दोन्ही हातांवर धरून एकदा खाली-वर करतात, डोळे मिटतात आणि जाहीर करतात, "साडेचार. टोपरा नि वाळे धरून." बाळाच्या बापाने डॉक्टरांचा आकडा सांगितला, तर डॉक्टरांचा काटा एकदा तपासून घ्या म्हणतात. बाप चिडतो, काका हटत नाहीत, आणि बारशाच्या घरात भलत्याच विषयावर अर्धा तास जातो.

काका खाणीच्या वजनकाट्यावर तीस वर्षं होते. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरून. निवृत्त झाले, पण काटा हातातून सुटला नाही. बाजारात ओळख ना पाळख, समोरच्याची पिशवी उचलून बघतात. कुणी नवी गाडी घेतली म्हणून पेढा दिला, तर अभिनंदन वगैरे काही नाही. "रिकाम्याचा माका सांगू नको. भरल्यार किती?" हाच प्रश्न त्यांनी माझ्या मेव्हण्याला लग्नाच्या पंगतीत, तो तिसऱ्यांदा भात घेत असताना विचारला होता.

आम्ही सगळेच हसायचो. मी जरा जास्त हसायचो, म्हणून पुढचं सांगताना मान वर होत नाही.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर माझा पाण्यातल्या स्कूटरचा धंदा आहे. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून दोन्ही स्कूटर घाटावरच्या धरणांवर न्यायचं ठरवलं. त्यासाठी ट्रेलर हवा होता, मागे स्कूटर चढतील आणि पुढे आपल्याला राहता येईल असा. कोल्हापूरजवळ एकजण असे ट्रेलर बनवतो. स्कूटर दुरुस्तीसाठी तिकडेच होत्या, त्या नव्या ट्रेलरमधूनच घरी आणायच्या होत्या. जायच्या आदल्या दिवशी कुंपणावरून मी काकांना सहज म्हटलं, येताय काय? सकाळी पाहिलं तर काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात वही घेऊन माझ्या पिकअपपाशी उभे.

तिथे दोन ट्रेलर तयार होते. एक साधा. आत दोन फळ्यांच्या खाटा, बाकी मोकळा. दुसऱ्यात गादीची बैठक, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, एसी, वर पाण्याची टाकी. मी दुसऱ्याचे पडदेच बघत राहिलो. काका मात्र दोन्हींच्या खाली वाकून वजनाच्या पट्टीवरचे आकडे वहीत उतरवत होते.

मग त्यांनी मला बाजूला घेऊन हिशेब समजावला. यातला कुठलाही ट्रेलर भरून दोन हजार किलोच्या वर जायला नको. साधा रिकामा नऊशेचा आहे, म्हणजे अकराशे किलो सामान चालेल. हा दुसरा रिकामाच चौदाशेचा. उरले सहाशे, आणि तुझ्या दोन स्कूटर मिळूनच तेवढ्या होतात. वर पेट्रोल, जनरेटर, गॅसची टाकी. पाणीही धरायला हवं, कारण दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. "गादी-एसीनच अर्धी जागा खाल्ल्यान रे," ते म्हणाले. "तुज्या मालाक काय उरला?"

मी म्हटलं, बघू. मालकाकडे गेलो, तर तोही हसत विचारू लागला, हे कोण, सारखे आकडे विचारतायत? आणि मी ऑफिसात बोलावं तसं शुद्ध मराठीत म्हणालो, "त्यांचं मनावर घेऊ नका. घरी एकटेच असतात, काहीतरी विचारत बसतात. घटकाभर बरं वाटावं म्हणून आणलंय."

मागे वळलो तर काका ट्रेलरच्या दाराशी उभे होते. वही मिटून खिशात ठेवत होते.

मी पडदेवाला ट्रेलर घेतला. घरी गेल्यावर न्हाणीघर चालू करून दाखवता यावं म्हणून मालकाने टाकी काठोकाठ भरून दिली. स्कूटर चढवल्या, जनरेटर चढवला. परतीच्या वाटेवर काकांनी कशाचंही वजन सांगितलं नाही. समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते, दोन-दोन ट्रॉल्या मागे लावलेले. तरी नाही.

घाट उतरायच्या आधी चहाला थांबलो. चहा पिताना मागे पाण्याचा आवाज आला. बघतो तर टाकीचा नळ पूर्ण उघडा, पाणी रस्त्यावरून वाहतंय, आणि काका शेजारी उभे. टपरीवरचे लोक बघत होते. त्यांच्यादेखत मी ओरडलो, "काका, अक्कल आसा काय? आता घरच्यांका काय दाखवू?"

"हात लागलो रे," काका म्हणाले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, आणि मी त्याला बाजूला सारून स्वतःच नळ बंद करायला गेलो. टाकी तोवर रिकामीच झाली होती म्हणून विषय संपला.

घाट उतरून फोंड्यात पोचतो न पोचतो तोच मागून जळका वास आला. ट्रेलरचं एक चाक आत कललेलं. गॅरेजवाला खाली झोपून बघून आला. आस वाकला होता, स्प्रिंगच्या पाट्याला चीर गेली होती. आत काय काय आहे ते त्याने विचारलं, मी सांगितलं. वरच्या टाकीत पाणी होता काय, असं त्याने विचारल्यावर मी नाही म्हटलं, ओतलं गेलं.

"बरा झाला," तो म्हणाला. "भरलेली आसती तर पाटो घाटातच तुटलो आसतो."

काका रस्त्यापलीकडच्या दगडावर बसले होते. त्यांनी ऐकलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी सांगितलं होतं, असंही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढचे आठ दिवस मी घरी जाताना मागच्या पाणंदीने जायचो, त्यांचं अंगण लागू नये म्हणून. शेवटी बायकोनेच विचारलं, किती दिवस असा चोरासारखा फिरणार? तेव्हा बाजारात जाताना गाडी त्यांच्या अंगणाबाहेर थांबवली नि आत गेलो. काका ओटीवर एकटेच बसले होते. त्यांची बायको जाऊन पाच वर्षं झाली, मुलगी गोव्यात असते. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी त्या माणसाला जे बोललो..."

"खोटा खंय बोललंस?" ते म्हणाले. "एकटोच आसतंय. विचारतंय पण." मग म्हणाले, "कोणाक 'खंय चल्लास' विचारला, तर एका शब्दात सांगान पुढे जाता. वजन सांगितला की थांबता. म्हणता, चुकलात. मगे भांडता. धा मिनटा तरी भांडता."

माफीचे शब्द घरून जुळवून आणले होते, त्यातला एकही इथे बसत नव्हता. काका आत गेले, चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. आतूनच म्हणाले, "गाडी चालूच ठेवलंस मरे."

खरंच ठेवली होती. दोन मिनिटांत उरकेल, असं धरून आलो होतो.

मी अंगणाबाहेर गेलो, इंजिन बंद केलं आणि परत ओटीवर येऊन बसलो.