पदव्युत्तर सिद्धतेच्या मुलाहिज्याची हकीकत

श्रीशारदेचे चरणी मस्तक ठेवोन, शके १९४०, विलंबीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एके राज्यी जे वर्तले ते येणेप्रमाणे. हुजूरचा हुकूम जाहला की, कोणते विद्यापीठ पदव्युत्तर विद्या देण्यास सिद्ध आहे याचा मुलाहिजा, म्हणजे तपासणी, करावी. हे वर्तमान पूर्वप्रांतीच्या विद्यापीठी पावले आणि वनस्पतिशास्त्राच्या पंडिता सुभद्राबाई धायगुडे यांस परम संतोष जाहला. बाईंनी बावीस वर्षे पदवीपावेतो विद्या पढविली. पुढील विद्येस मुलगे परमुलखी जात आणि मुलींस घरचे धाडीत नसत, याचे बाईंस फार दुःख. एक पदव्युत्तर वर्ग आपले हाते पढवावा हाच ध्यास. परंतु नियमी पंडित सात पाहिजेत आणि विभागी बाई एकट्या. मग कुलगुरूंनी तोड काढिली आणि सहा विद्यापीठांतून सहा पंडित एक दिवसाचे बोलीने आणविले, आणि टेंपो भरोन ग्रंथ आणविले, आणि ग्रंथांवरील परके शिक्के बाईंनी स्वहस्ते चिठ्ठ्या डकवून झाकिले. बाईंस मन खाई, तेव्हा कुलगुरू बोलिले, "बाई, लग्नात शेजारची भांडी आणितात, म्हणोन लग्न खोटे होत नाही. एकदा परवानगी येऊ द्या, मग तुम्ही आणि तुमचा वर्ग." बाईंनी पुढील ग्रंथ ओढोन चिठ्ठी डकविली.

मग समिती आली आणि शाल, श्रीफळ, बासुंदीचे भोजन यथासांग जाहले. समितीचे मुख्य केशवराव टिळेकर यांनी सहाही पंडितांस नावानिशी कुशल पुसिले, कारण त्याच महिन्यात ते सहा त्यांस तीन विद्यापीठी कायम पंडित म्हणोन भेटले होते. मग केशवराव बाईंकडे वळोन बोलिले, "ही मंडळी ओळखीची. आपणांस मात्र कोठे पाहिले नाही. आपण खरेच इथल्या?" बाईंनी नेमणुकीचा कागद दाखविला तेव्हा त्यांची खातरी पटली.

मग 'सिद्धता उत्तम' ऐशा शेऱ्यासह परवानगी आली आणि पेढे वाटिले. पाठोपाठ सहा विद्यापीठांची पत्रे आली की, आमचा पंडित दिधला, आता आमचे मुलाहिज्यास तुमची पंडिता द्यावी. कुलगुरूंचा शब्द गुंतला होता. मग बाई गावोगाव जात्या जाहल्या, आणि जेथे जातील तेथे तेथल्याच कायम पंडिता म्हणोन उभ्या राहत, आणि एक मुलाहिजा आटोपला की दुसऱ्याचे बोलावणे येई. इकडे नव्या पदव्युत्तर वर्गी अकरा मुली वह्या उघडोन बसत आणि दोनप्रहरी उठोन घरी जात.

सारांश, त्या साली राज्यातील यच्चयावत विद्यापीठे सिद्ध ठरली. अकराही मुली उत्तम गुणे उत्तीर्ण जाहल्या, आणि सुभद्राबाईंस त्यांतील एकीचेही नाव ठाऊक नव्हते.