रूपाच्या बुबुळाचा तौलनिक अभ्यास

या वाचक माउली, जरा जवळ सरका. कीर्तन सुरू व्हायला वेळ आहे, तोवर एक गोष्ट सांगतो.

घाईने घेतलेला निर्णय डोळस नसतो. म्हणून "लेकीच्या डोळ्यांचं काय करू?" असं गंगाबाईंनी विचारताच आमच्या कळंबच्या भजनी मंडळाने अकरा जणांची तौलनिक अभ्यास समिती नेमली. (मंडळाचा शब्द पडल्याशिवाय गंगाबाई पाऊल उचलत नाहीत. अशी श्रद्धा हल्ली दुर्मीळ.)

लेक रूपा रसायनीच्या कंपनीत यंत्रांवरचे आकडे टिपायची. तिचं बुबुळ पातळ होत शंकूसारखं पुढे येत होतं. समईच्या एका ज्योतीच्या तिला चार ज्योती दिसत. (पहिल्या दोन सभा हा साक्षात्कार आहे का, यावरच झाल्या.)

कर्जतच्या डॉक्टरांनी तीन इलाज सांगितले होते : किरणांनी बुबुळ घट्ट करून आजार आहे तिथे थांबवणं, आत बारीक कडी बसवून आकार सावरणं, आणि शेवटचा म्हणजे मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवणं. पहिले दोन इलाज बुबुळ पुरेसं जाड आहे तोवरच, असंही ते म्हणाले. ते आम्ही इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं.

किरण घेताना दिव्याकडे टक लावून निजावं लागतं. समितीने स्वतः करून पाहिलं. नऊ जण घोरले, मुद्दा प्रलंबित. कडीबद्दल समितीतल्या सोनुबाई म्हणाल्या, "नथ टोचते, तर ही केवढी टोचंल गं!" तिथे उपसमिती नेमली.

पाचव्या सभेला मी एकटाच हजर होतो. रूपा म्हणाली, "काका, मला तुमी चार दिसताय. कोरम भरला, उरका आता." (इतिवृत्तात घेतलेलं नाही.)

चौदा महिन्यांत बुबुळ इतकं पातळ झालं की किरण आणि कडी दोन्ही आपोआप बाद झाले. रूपाची नोकरीही गेली. तुलना मात्र फारच सोपी झाली. तिसरा इलाज एकमताने मंजूर, वर जयघोष.

डॉक्टरांनी तिचं नाव यादीत घातलं. बुबुळ मिळालं की बोलावतील. रूपाने नेत्रदानाचे अकरा अर्ज आणले. (माणूस गेल्यावर सहा तासांत डोळे द्यावे लागतात, असं त्यांवर ठळक छापलं होतं.) त्याच आठवड्यात बुवांचं 'देह नाशवंत' यावर कीर्तन झालं. आम्ही अकराही जण ढसाढसा रडलो. मग अर्ज फिरले.

"पुढल्या जन्मी आंधळा झालो तं?" विठूनाना म्हणाले.

"तवा पण समिती नेमा, नाना," रूपा म्हणाली.

अकराही अर्ज कोरे आहेत. (माझा विचार चालू आहे.)

तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे तुमची बुबुळं उत्तम आहेत. रूपाची आठवण ठेवा. आत्ता नाही जमलं, तर गेल्यावर पहिल्या सहा तासांत ठेवलीत तरी चालेल.